लिंक लागते पण स्पीड येत नाही: आधी सिग्नलचा हिशोब, मग सेटिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की दोन टॉवरवर समोरासमोर दोन सारखेच वायफाय रेडिओ (इंटरनेट एका टोकाकडून दुसऱ्याकडे नेणारे), दोन्हीकडे २५ डीबीआयची डिश (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप), मधलं अंतर ५ किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्झ, ८० मेगाहर्ट्झचा चॅनल, ट्रान्समिट पॉवर २० डीबीएम. सिग्नल -६७ डीबीएम दाखवतो (शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार), त्यात चेन ० ला -६८ आणि चेन १ ला -७४ (चेन म्हणजे रेडिओच्या दोन वाटा, एक उभ्या लहरीची, एक आडव्या). सकाळी बरी चालते, संध्याकाळी ३०-४० एमबीपीएसवर येते (गरज १५० ची) आणि मधेच पडून परत लागते. आणि तुम्ही विचारताय की कोणतं सेटिंग बदलू.

कोणतंच नको, अजून तरी. चार दिवस तुम्ही चॅनल, विड्थ, पॉवर, डिस्टन्स सगळं बदलून बघितलंय असं लिहिलंय, आणि मला कळतंय की वैताग आलाय, पण तुमची लिंक सेटिंगमुळे अडलेलीच नाही. ती बहुधा डिशचं तोंड चुकल्यामुळे अडलीय, हे मी तुमच्या साइटवर न येता सांगू शकतो कारण आकडे तुम्ही स्वतःच दिलेत, फक्त कागदावर मांडून बघितले नाहीत.

मांडूया. मोकळ्या हवेत किती सिग्नल मरतो याचा हिशोब सोपा आहे: ९२.४५, अधिक किलोमीटरमधल्या अंतराचा लॉग गुणिले २०, अधिक गिगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीचा लॉग गुणिले २०. ५ किलोमीटरचे १४, ५.८ गिगाचे सव्वापंधरा, सगळं मिळून १२१.७ डीबी लॉस. आता तुमच्याकडून जातं किती तर २० पॉवरचे आणि २५ डिशचे, समोरची डिश अजून २५ देते, म्हणजे ७०. त्यातून १२१.७ वजा केले की -५१.७. म्हणजे तुमच्या रेडिओवर -५२ च्या आसपास आकडा दिसायला हवा आणि दिसतोय -६७. पंधरा डीबी गायब आहेत. पंधरा डीबी म्हणजे जवळपास ३० पट कमी पॉवर पोचतेय, हे काही फर्मवेअरच्या व्हर्जनमुळे होत नाही.

एक गोष्ट इथेच बघून घ्या. रेडिओत देशाचा कोड काय टाकलाय आणि तो टाकल्यावर प्रत्यक्ष पॉवर किती दाखवतो. कारण तुम्ही २० लिहिलेत तरी कायद्याची मर्यादा डिशच्या गेनसकट (तुमच्या डिशचे ते २५) मोजली जाते आणि बँडनुसार ती बदलते, त्यामुळे काही बँडमध्ये रेडिओ गुपचूप पॉवर ५-६ वर आणून ठेवतो आणि माणूस डिश फिरवत बसतो. स्टेटसच्या पानावर जो आकडा दिसतो तोच हिशोबात घ्या, कॉन्फिगच्या पानावर टाईप केलेला नाही. आणि कोड दुसऱ्या देशाचा टाकून पॉवर वाढवायचा मार्ग घेऊ नका, बेकायदा तर आहेच पण त्या बँडमध्ये दुसऱ्या कोणाचं तरी काम चालू असतं, त्याचं नुकसान होतं.

पॉवर खरंच २० असेल तर मग १५ डीबीचा घोळ म्हणजे माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा एकच गोष्ट, एका टोकाची डिश साइड लोबवर बसलीय.

हे नीट समजून घ्या कारण चुकतात ते इथेच. डिशचा एकच झोत नसतो. मधे मोठा मुख्य लोब, २५ डीबीआयच्या डिशला तो साधारण १० अंशांचा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खड्डा आणि खड्ड्याच्या पलीकडे परत एक छोटा लोब, मुख्यपेक्षा १५-२० डीबीने कमी. आता वर चढलेला माणूस काय करतो, तर अंदाजाने डिश लावतो, लिंक लागते, -७२ येतो. थोडं उजवीकडे फिरवतो, -६९. अजून थोडं, -६७. अजून थोडं, -७१, अरे कमी झाला, परत मागे, -६७, बस इथेच जास्त आहे, कस बोल्ट. झालं. त्याने टेकडीचा माथा गाठला खरा पण तो शेजारच्या बुटक्या टेकडीचा. -७१ नंतर तो हिंमत करून अजून फिरवत राहिला असता तर -७८, -८५ असं होत कदाचित लिंक पूर्ण सुटली असती, आणि मग अचानक -६५, -५८, -५३. मधला तो खड्डा ओलांडायची भीती वाटते म्हणून लोक मागे फिरतात, लिंक तुटते ना समोर. तुटू द्या. तिच्यावर गिऱ्हाईक चालू असेल तर शांत वेळ बघून करा पण खड्डा ओलांडल्याशिवाय खरा माथा सापडत नाही.

तुमच्या दोन चेनमधला ६ डीबीचा फरकसुद्धा हेच सांगतोय. मुख्य लोबमध्ये उभं आणि आडवं पोलरायझेशन जवळजवळ सारखं येतं, २-३ डीबीच्या वर फरक नसावा. साइड लोबमध्ये दोघांचा आकार वेगवेगळा असतो त्यामुळे एक चेन बरी आणि एक मेलेली असं दिसतं. अलाइनमेंट (डिश नीट रोखणं) करून झाल्यावर दोन्ही चेन -५५ च्या आसपास यायला हव्यात (एकूण -५२, पॉवर दोघांत वाटली जाते म्हणून प्रत्येकी ३ डीबी कमी). तरीही फरक राहिला तर मग रेडिओ आणि फीड (डिशच्या तोंडाशी असलेला अँटेना) यांच्यामधली छोटी केबल बघा, कनेक्टर पूर्ण फिरवून बसलाय का, आत पाणी गेलंय का. पाणी गेलेला कनेक्टर पुसून परत लावू नका, बदला.

अलाइनमेंटची माझी पद्धत सांगतो. दोन्ही टोकांना एकेक माणूस, फोन चालू. एका वेळी एकच डिश हलणार, दुसरा हात खिशात घालून उभा. आधी आडवं फिरवणं, आणि थोडं नाही, पूर्ण ४०-५० अंश सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर पावलाला दोन-तीन सेकंद थांबून कारण बऱ्याच रेडिओंचा आकडा उशिरा बदलतो. आकडे मोठ्याने वाचायचे, खालचा किंवा समोरचा लिहून घेतो. दोन छोटे आणि एक मोठा माथा असे तीन दिसले पाहिजेत, मधला तुमचा. तीन दिसलेच नाहीत तर तुम्ही पुरेसं फिरवलेलं नाही. मग वर-खाली. इथे लोक उगाच जास्त तिरपी करतात, ५ किलोमीटरवर दोन टोकांच्या उंचीत ३० मीटरचा फरक असला तरी कोन एक तृतीयांश अंशाएवढाच होतो, म्हणजे डिश जवळपास सरळच हवी. त्यापेक्षा पाइप ओळंब्यात आहे का ते आधी बघा, वाकडा पाइप असेल तर डिश आडवी फिरवताना ती वर-खालीही जाते आणि मग काहीच जुळत नाही. एक टोक झालं की दुसरं, मग परत पहिलं. होकायंत्र लोखंडी टॉवरजवळ खोटं बोलतं, त्यावर भरवसा ठेवू नका, नकाशावर रेषा ओढून त्या रेषेवर येणारी एखादी ठळक खूण शोधा आणि तिकडे तोंड करा.

बोल्ट कसताना आकड्यावर नजर ठेवा. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की डिश सरकते, २-३ डीबी तिथेच जातात. थोडा हा थोडा तो असं आळीपाळीने, आणि झाल्यावर क्लॅम्प आणि पाइप दोन्हीवर मिळून पेंटची एक रेघ मारून ठेवा, सहा महिन्यांनी वाऱ्याने डिश फिरली की नाही हे त्या रेघेवरून एका नजरेत कळतं.

हे सगळं करूनही -५२ च्या जवळ येत नसेल, समजा -६० वर अडकलं, तर मधे काहीतरी आहे. समोरचा टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणजे रस्ता मोकळा आहे असं नाही. रेडिओची लहर दोरीसारखी जात नाही, मधे फुगलेल्या लांबट फुग्यासारखी जागा तिला लागते, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या लिंकला बरोबर मध्यावर त्याची त्रिज्या ८ मीटर येते आणि त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे जवळपास ५ मीटर, रेषेच्या खालीही मोकळा हवा. मध्यावरचं झाड रेषेच्या २ मीटर खाली असेल तर फोटोत ते आड येत नाही पण सिग्नलमध्ये येतं, आणि पावसात पानं ओली झाली की अजून जास्त. झाडं वाढतात हेही लक्षात घ्या, आज जेमतेम मोकळं असेल तर दोन वर्षांनी नसेल. पृथ्वीचा फुगवटा तुम्हाला ५ किलोमीटरला अर्धा मीटरही नाही, सोडून द्या, पण पुढे कधी २० किलोमीटरची लिंक केलीत तर मध्यावर जवळपास ६ मीटर फुगवटा आणि त्यावर १६ मीटर त्रिज्येचा झोन, तिथे टॉवरची उंची आधीच ठरवावी लागते.

आता समजा आकडा जुळला, -५२ ते -५४ आला. आता सेटिंग.

८० मेगाहर्ट्झ सोडा. मला माहितीय की मोठा आकडा दिसतो म्हणून तो लावावासा वाटतो. पण चॅनल दुप्पट रुंद केला की नॉईजही (रेडिओला ऐकू येणारा गोंगाट) ३ डीबीने वर येतो. चांगल्या रिसीव्हरला शांत हवेत २० मेगाला नॉईज फ्लोअर (गोंगाटाची तळाची पातळी) -९६ च्या आसपास, ४० ला -९३, ८० ला -९०. आणि हे शांत हवेत, प्रत्यक्षात ८० मेगाएवढी सलग शांत जागा ५ गिगात मिळणं अवघड आहे, रुंद चॅनलच्या एका कोपऱ्यात जरी कोणी बोलत असेल तरी पूर्ण चॅनलला त्रास. तुमची लिंक संध्याकाळी का मरते त्याचं उत्तर बहुतेक इथेच आहे, सकाळी आजूबाजूचे रेडिओ गप्प असतात, संध्याकाळी सगळ्यांचा ट्रॅफिक वाढतो, नॉईज समजा -७८ वर येतो आणि तुमच्या -६७ ला फक्त ११ डीबी उरतात. २५६ क्वामला (डेटा सिग्नलवर दाटीने भरायची वरची पद्धत, म्हणजेच वरचं मॉड्युलेशन) ३० डीबीच्या वर लागतात. -५२ असता तर त्याच संध्याकाळी २६ उरले असते, वरचं मॉड्युलेशन सुटलं असतं पण लिंक ताठ उभी राहिली असती. म्हणून अलाइनमेंट आधी म्हणतोय.

४० मेगाला दोन चेनच्या एसी (८०२.११एसी वायफाय) रेडिओचा वरचा रेट ४०० एमबीपीएस असतो, त्यातून खरा डेटा दोन्ही दिशा मिळून २००-२५० निघतो कारण एकाच चॅनलवर आळीपाळीने बोलायचं असतं. तुमची गरज १५० सांगितलीत, झालं की मग. गरजेपेक्षा रुंद चॅनल लावणं म्हणजे जास्त गोंगाट घरात घेणं.

चॅनल ऑटोवर अजिबात ठेवू नका. स्कॅन दोन्ही टोकांवर करा, हे महत्त्वाचं आहे, कारण नॉईज ऐकणाऱ्याच्या कानाशी असतो. तुमच्या टोकाला जो चॅनल स्वच्छ आहे तोच समोरच्या टोकाला कोणाच्या तरी थेट झोतात असू शकतो, आणि मग एका दिशेला १५० आणि दुसऱ्या दिशेला १२ असं दिसतं. स्कॅन संध्याकाळी करा, त्रास संध्याकाळी आहे ना. आणि खाली ५.३ किंवा ५.५ च्या बाजूला गेलात तर तिथे बहुतेक देशांत रडारसाठी जागा सोडावी लागते, रेडिओ सुरू होताना आधी ६० सेकंद नुसता ऐकतो, आणि मधेच रडारसारखं काही ऐकू आलं तर चॅनल सोडून जातो आणि अर्धा तास तिथे परत येत नाही. दिवसातून एक-दोनदा लिंक पडून एखाद्या मिनिटाने उठत असेल तर लॉगमध्ये हे आधी शोधा.

पॉवर फुल करू नका. रेडिओच्या कागदावर लिहिलेली मोठी पॉवर ही सगळ्यात खालच्या मॉड्युलेशनची असते, वरच्या मॉड्युलेशनला तोच रेडिओ ४-६ डीबी कमी देऊनच स्वच्छ बोलतो. जबरदस्ती केली की सिग्नल वाढलेला दिसतो पण रेट पडतो. अंतराचं सेटिंग खऱ्या अंतरापेक्षा किंचित जास्त ठेवा, ५ ला साडेपाच. समोरून पोच यायला ५ किलोमीटरवर जाऊन-येऊन ३३ मायक्रोसेकंद लागतात, रेडिओ त्याआधीच वाट बघणं सोडून देत असेल तर पोचलेलं पॅकेटसुद्धा तो परत परत पाठवत बसतो. सिग्नल उत्तम आणि स्पीड मेलेला, तर हे बघायचं.

मोडबद्दल दोन शब्द. साधा क्लायंट मोड लावला तर त्याच्या मागच्या मशीनचे मॅक पत्ते पलीकडे नीट जात नाहीत कारण साध्या वायफाय फ्रेममध्ये तीनच पत्ते असतात, बॅकहॉलला, म्हणजे अशा टॉवर ते टॉवर लिंकला, चार लागतात. म्हणून एका टोकाला ब्रिज किंवा एपी (ॲक्सेस पॉइंट) आणि दुसऱ्याला डब्ल्यूडीएसचं (चार पत्त्यांच्या फ्रेमचं) स्टेशन, मायक्रोटिक कंपनीच्या रेडिओत स्टेशन ब्रिज. रेडिओ नुसते ब्रिज राहू द्या, राउटिंग मागच्या राउटरवर, रेडिओचा प्रोसेसर त्यासाठी नसतो. मॅनेजमेंटचा (रेडिओत शिरून सेटिंग बघायचा) व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलवरचं वेगळं नेटवर्क, वेगळा. आयपीसाठी /२९ (आठ पत्त्यांचा गट) घ्या, दोन रेडिओ आणि दोन राउटर मिळून चार लागतात आणि सहा मिळतात. त्याच दोन टोकांमध्ये दुसरी लिंक बॅकअपला टाकणार असाल तर दोन्ही ब्रिज एकत्र जोडून लूप करू नका, राउटिंगने ठरवा कोणती चालायची.

आणि बदल करताना कायम लांबचं टोक आधी. चॅनल, विड्थ, पासवर्ड, काहीही. मी सुरुवातीच्या काळात एकदा जवळच्या रेडिओचा पासवर्ड आधी बदलला आणि त्याच क्षणी समोरचा रेडिओ माझ्या हातातून गेला, अंधार पडेपर्यंत तिथे पोचून टॉवर चढावा लागला एका शब्दासाठी, आणि तेवढा वेळ पलीकडचे सगळे बंद. लांबच्याला नवीन सेटिंग द्या, तो सुटेल, मग जवळच्याला द्या, तो परत धरेल. सेफ मोड किंवा टेस्टचं बटण असेल तर ते वापरा, नाही जमलं तर रेडिओ आपोआप जुन्यावर येतो. फर्मवेअर दोन्हीकडे एकच, आणि तेही लांबचं आधी. नवीन जोडी असेल तर टॉवरवर न्यायच्या आधी टेबलावर लावून बघा, पण पॉवर एकदम कमी करून आणि डिश समोरासमोर न ठेवता, खोलीत फुल पॉवरने रिसीव्हर बहिरा होतो आणि कधी कधी कायमचा.

एक तपासणी अशी आहे जी मी आता सगळ्यात आधी करतो, कारण तिने माझे तीन दिवस खाल्लेत. सिग्नल -५०, दोन्ही चेन सारख्या, नॉईज शांत, रेट वरचा, आणि स्पीड ९४ च्या वर जाईना. चॅनल बदलले, विड्थ बदलली, एक रेडिओसुद्धा बदलला. ९४ हा आकडाच ओरडून सांगत होता. खाली इंजेक्टरपाशी (केबलमधून रेडिओला वीज देणारा डबा) एका आरजे ४५ कनेक्टरमध्ये तपकिरी जोडीची एक तार पूर्ण आत गेली नव्हती, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एक गेली की पोर्ट मुकाट्याने १०० वर उतरतो. तुमच्या दोन्ही रेडिओंचा आणि दोन्ही राउटरचा लॅन पोर्ट कितीवर लागलाय ते आत्ता बघा, आणि एररचा काउंटर वाढतोय का तेही. केबल शील्डवालीच, शील्ड अर्थला जोडलेली, सर्ज प्रोटेक्टर वर आणि खाली दोन्हीकडे. आणि २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ चा इंजेक्टर चुकूनही लावू नका, दिसायला सारखे असतात, म्हणून मी प्रत्येकावर मार्करने व्होल्ट लिहून ठेवतो.

स्पीड टेस्ट रेडिओच्या आतल्या टूलने केली तर आकडा कमीच येतो, टेस्टचं ओझंही त्याच प्रोसेसरवर पडतं. मागच्या दोन राउटरपासून किंवा लॅपटॉपपासून करा, दोन्ही दिशा वेगवेगळ्या आणि मग एकत्र.

आता शनिवार-रविवार जो शांत वेळ मिळेल तेव्हा दोन्ही डिश पूर्ण फिरवून बघा आणि हे पाठवा: दोन्ही टोकांच्या दोन्ही चेनचे आकडे मिळून चार, स्टेटसवरची खरी पॉवर, चारही लॅन पोर्टचा स्पीड, आणि फिरवताना लिहिलेले सगळे आकडे, खड्ड्याचेसुद्धा. चेन -५५ ला आल्या असतील तर सोबत संध्याकाळचा दोन्ही टोकांचा स्कॅनही जोडा, मग ४० मेगाचा चॅनल कुठे बसवायचा ते त्यावरून ठरवू. आणि आकडे -६० लाच अडकले तर मध्यावरच्या झाडांचे फोटो काढून आणा, डिशच्या उंचीवरून.